तांबी बसवल्यावर अंगावर जास्त जाते : काढा की गोळी?

तांबी बसवल्यानंतर पाळीत अंगावर जास्त जाऊ लागले की आपल्याकडे आधी शेजारणीला विचारतात, मग काढा सुरू होतो आणि डॉक्टरांची आठवण शेवटी होते. तोवर तीन-चार पाळ्या उलटून गेलेल्या असतात. काढा घेऊ की गोळी, असे मला अनेक भगिनी विचारतात.

मुळात रक्त जास्त का जाते? तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात, म्हणून गर्भ राहत नाही. पण त्याच तांब्याने गर्भाशयाच्या अस्तराला थोडा दाहही होतो. त्यात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये वाढतात, शिवाय रक्ताची गुठळी विरघळवणारी क्रिया जोर धरते. रक्तवाहिनीच्या तोंडाशी बसलेले बूच टिकत नाही, असे समजा. पहिले तीन ते सहा महिने हा त्रास अधिक असतो, पुढे बहुतेकींचा आपोआप कमी होतो.

गोळ्या नेमक्या याच दोन ठिकाणी काम करतात. मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेनने प्रोस्टाग्लँडिन कमी होते, पोटदुखीही थांबते. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड गुठळी विरघळू देत नाही. या गोळ्या महिनाभर नव्हे, फक्त पाळीच्या दिवसांत घ्यायच्या. पोटात अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पहिल्या प्रकारच्या गोळ्या टाळाव्यात. पायाच्या शिरेत पूर्वी गुठळी झाली असेल तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड नको. डॉक्टरांना हे आधी सांगावे. दुखते म्हणून ॲस्पिरिन मात्र घेऊ नये; त्याने रक्त आणखी जाते.

आता काढा. अशोकाची साल आणि लोध्र आयुर्वेदात फार पूर्वीपासून वापरतात. त्यांना मी नावे ठेवणार नाही. पण तांबीच्या रक्तस्रावावर गोळ्या जितक्या तपासल्या गेल्या, तितका काढा तपासलेला नाही. दुसरे असे, की साल कोणत्या झाडाची? बंगल्यांपुढे सरळसोट वाढणारा तो अशोक नव्हेच. औषधी झाड म्हणजे केशरी फुलांचा सीतेचा अशोक. अशोकारिष्टात धायटीच्या फुलांनी आंबवल्यामुळे थोडा मद्यांशही असतो. यकृताचा आजार असलेल्यांनी तो विसरू नये. आणि तीन महिने काढा घेऊन रक्त कमी झाले, तर ते काढ्याने की आपोआप, हे कोण सांगणार?

माझी खरी काळजी वेगळीच आहे. काढ्याच्या भरवशावर महिने जातात आणि अंगातले रक्त उतरत राहते. जिना चढताना धाप लागते, चक्कर येते, तरी बाई शेतावर जातेच. म्हणून हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते १२ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या हव्यात. बीट-खजूर जरूर खा, पण तेवढ्याने भागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्या मोफत मिळतात.

पाळी चुकली, ताप येऊन ओटीपोट दुखले, घाण वासाचा स्राव गेला, किंवा तांबीचा दोरा हाताला लागेनासा झाला, तर काढाही नको आणि घरची गोळीही नको. त्याच दिवशी दाखवावे. सहा महिन्यांनंतरही घड्यांवर घड्या भिजत असतील तर गर्भाशयात गाठ वगैरे आहे का, हे सोनोग्राफीने पाहावे लागते. तांबीऐवजी हॉर्मोनचे साधन बसवले तर पाळीचे रक्त उलट कमी होते, पण त्याला खर्च जास्त येतो.

तांबी काढायचीच ठरली, तर दुसरे साधन आधी सुरू करा. ती निघाली की गर्भ राहण्याची शक्यता लगेच परत येते.