दवाखाना मळ्याच्या बांधावर आला
अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय भगिनी-संघांचे आरोग्यकार्य

लस फुकट मिळते, तपासणी फुकट होते, तरी बाया दवाखान्यात का येत नाहीत? आपल्या वस्तीतली आशाताई हा प्रश्न रोज विचारते. उत्तर आपल्याला ठाऊक असते. खाडा केला की रोजी बुडते, धाकट्याला सांभाळायला कोणी नसते आणि रांगेत उभे राहून वर बोलणी खावी लागतात.

हाच प्रश्न १९३५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात काही शिकलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांपुढे उभा राहिला. त्यांनी लोकांना दोष दिला नाही. लोक दवाखान्यापर्यंत येऊ शकत नव्हते, म्हणून त्यांनी दवाखानाच गाडीत घातला.

या स्त्रिया कोण?

अमेरिकेत कॉलेजच्या मुलींचे भगिनी-संघ असतात. त्यांना सोरोरिटी म्हणतात आणि त्यांची नावे ग्रीक अक्षरांवरून ठेवतात. काळ्या मुलींचा पहिला संघ, अल्फा कप्पा अल्फा, १९०८ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात स्थापन झाला. १९१३ साली, म्हणजे बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले त्याच वर्षी, तिथेच डेल्टा सिग्मा थीटा निघाला. १९२० साली झीटा फाय बीटा आला. १९२२ साली इंडियानापोलिस शहरातल्या शिक्षिकांनी सिग्मा गामा ऱ्हो उभा केला.

या संघांचे वैशिष्ट्य असे, की कॉलेज सुटले तरी संघ सुटत नाही. शिक्षिका, नर्स, डॉक्टर, कारकून अशा बाया आपापल्या गावच्या शाखेत जन्मभर काम करतात. शिकून वर आलेल्या बाईवर मागे राहिलेल्यांचे देणे असते, ही त्यामागची भावना. आपण त्याला समाजाचे ऋण म्हणतो.

शाळा काढायला गेल्या आणि आजार दिसला

आयडा जॅक्सन या कॅलिफोर्नियात शिक्षिका होत्या, पण जन्म मिसिसिपीचा. अल्फा कप्पा अल्फाच्या अध्यक्ष असताना १९३४ च्या उन्हाळ्यात त्यांनी तिथल्या लेक्सिंग्टन गावी खेड्यांतल्या शिक्षकांसाठी प्रशिक्षणवर्ग घेतला. तिथे दिसले ते असे, की उपाशी आणि आजारी पोराच्या डोक्यात अक्षर शिरत नाही. आधी तब्येत, मग पाटी. पुढच्या वर्षी आरोग्य मोहीम ठरली.

मोहिमेची सूत्रे डॉ. डोरोथी फेरेबी यांच्याकडे आली. त्या १९२४ साली टफ्ट्स विद्यापीठातून डॉक्टर झाल्या होत्या. काळी आणि त्यात बाई, म्हणून गोऱ्यांच्या इस्पितळांनी त्यांना उमेदवारीसाठी घेतले नाही. शेवटी वॉशिंग्टनच्या फ्रीडमेन्स इस्पितळात, म्हणजे काळ्यांच्याच इस्पितळात, त्यांना जागा मिळाली.

मिसिसिपीचा डेल्टा भाग कापसाचा. जमीन गोऱ्या मळेवाल्यांची आणि राबणारी काळी कुटुंबे बटाईची. बी, धान्य, कपडा मालकाच्या दुकानातून उधार. हंगाम संपला की हिशेबात कर्जच उरायचे. जेवण म्हणजे मक्याचे पीठ, खारवलेली चरबी आणि काकवी. अशा जेवणाने पेलाग्रा होतो. कातडी सोलते, जुलाब लागतात आणि माणूस भ्रमिष्ट होतो. त्यात हिवताप, गरमी, क्षय आणि मुलांना घटसर्प.

फेरेबींचा बेत एका जागी दवाखाना मांडण्याचा होता. पण मालक आपल्या मजुरांना मळा सोडून जाऊ देईनात. बाहेरून आलेल्या या शिकलेल्या काळ्या बाया मजुरांना फितवतील, ही त्यांची भीती. मग बायांनी औषधे आणि लशी मोटारींत भरल्या आणि मळ्यामळ्यावर निघाल्या. वॉशिंग्टनहून आलेल्यांनी सुमारे दीड हजार किलोमीटर स्वतःच्या गाड्या हाकल्या होत्या. वाटेत काळ्यांना हॉटेलात खोली मिळत नसे.

चर्चमध्ये किंवा जागा मिळेल तिथे टेबल मांडायचे. मुलांना घटसर्पाची आणि देवीची लस, मोठ्यांची तपासणी, दातांचे उपचार आणि सोबत आहार व स्वच्छतेच्या दोन गोष्टी. घोड्यावरचे मुकादम बंदूक लावून पहारा करत. काय विचारता, काय सांगता, यावर त्यांचे कान असत. तरी काम चालले. उन्हाळ्यातले काही आठवडे, १९३५ ते १९४२, अशी आठ वर्षे. हजारो लोकांना तपासणी आणि लस मिळाली. महायुद्धात पेट्रोल आणि टायरवर रेशन आले तेव्हा मोहीम थांबली.

लशीने घटसर्प अडतो, कर्ज फिटत नाही. मळा मालकाचाच राहिला. पण लस मिळालेले पोर जगले आणि आपल्याला तपासणारी डॉक्टर आपल्यासारखीच असते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले.

गुणांच्या बदल्यात बाळंतविडा

आजही अमेरिकेत गरोदरपणाशी निगडित कारणांनी मरण येण्याचे प्रमाण गोऱ्या स्त्रियांपेक्षा काळ्या स्त्रियांत सुमारे तीनपट आहे. म्हणून झीटा फाय बीटाच्या शाखा 'स्टॉर्क्स नेस्ट' नावाचा उपक्रम चालवतात. स्टॉर्क म्हणजे करकोचा. तो बाळ घेऊन येतो, अशी तिकडची लोककथा. १९७२ पासून मार्च ऑफ डाइम्स ही संस्था यात त्यांच्यासोबत आली.

पद्धत साधी आहे. गरोदर बाईने तपासणी केली की गुण. आरोग्यवर्गाला बसली की गुण. त्या गुणांवर शाखेच्या दुकानातून बाळाचे कपडे, लंगोट आणि इतर सामान घ्यायचे. ही भीक नव्हे, बाईने तपासणी करून कमावलेले सामान असते. त्यामुळे मान खाली घालावी लागत नाही.

आपल्या महिला मंडळाला काय करता येईल?

यासाठी मोठा निधी लागत नाही. विहारात महिन्याला जमणाऱ्या दहा बाया पुरतात.

• वस्तीतल्या गरोदर बायांची यादी करा. पहिली तपासणी तीन महिन्यांच्या आत आणि एकूण निदान चार तपासण्या व्हाव्यात.

• दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी असते. एकटीला पाठवू नका, सोबत एक बाई द्या. थोरल्या मुलांना त्या दिवशी दुसरीने सांभाळावे.

• चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज. जेवणानंतर घ्या, चहासोबत नको. शौचाला काळी झाली तर घाबरू नका.

• डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर व हातावर सूज, झटके, अंगावरून रक्त जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ किंवा १०२ ला फोन करा.

• घटसर्प अजून गेलेला नाही. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशीत त्याचे संरक्षण असते. पुढचे डोस दीड ते दोन वर्षांत आणि पाच ते सहा वर्षांत. बाळाचे कार्ड काढून आजच तारखा बघा.

• बाळंतविड्याची पेटी विहारात ठेवा. स्वच्छ धुतलेली झबली, दुपटी, टोपडी त्यात जमा करा. तिसरी तपासणी झाली की बाईने स्वतः निवडून न्यावे.

डेल्टातल्या मजुराला मळ्याबाहेर पाऊल टाकता येत नव्हते. आपल्या वस्तीतल्या बाईला कोणी बंदूक दाखवून अडवत नाही, पण बुडणारी रोजी आणि एकटेपणा तिला तितकेच अडवतात. येत्या ९ तारखेला कोण कोणासोबत जाणार, एवढे या आठवड्याच्या बैठकीत ठरवा.