पदवी आहे, डी.एल.एड. नाही

सकाळी तुबलीहून शेजारच्या ईसा टाउनकडे शाळेच्या बस निघतात. 1950 मध्ये सुरू झालेली इंडियन स्कूल बहरीन तिथंच आहे. मुलांना बसमध्ये बसवून घरी परतणाऱ्या आयांमध्ये मराठीही असतात. कुणी बी.कॉम., कुणी एम.एस्सी., कुणी इंजिनिअर. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथं आल्या आणि आपली नोकरी मागे राहिली. आपल्यालाही पहिली-दुसरीचा वर्ग मिळेल का, हा त्यांचा साधा प्रश्न. उत्तर मात्र दोन देशांच्या नियमांमध्ये विखुरलेलं आहे.

बहरीनमधल्या खासगी शाळेत शिक्षक नेमताना तिथल्या शिक्षण मंत्रालयाची संमती लागते आणि कागदपत्रांची पडताळणी होते. भारतातली पदवी असेल तर आधी राज्याच्या पातळीवर साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का. यात वेळ जातो, म्हणून सुट्टीत गावी जाल तेव्हाच हे काम उरकून घ्यावं. पण खरी अडचण शिक्क्याची नाही, पात्रतेची आहे.

भारतात पहिली ते पाचवीला शिकवायचं तर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) 23 ऑगस्ट 2010 च्या अधिसूचनेप्रमाणे मुख्य वाट अशी: बारावीला 50 टक्के, दोन वर्षांचं डी.एल.एड. (आपलं जुनं डी.एड.) आणि टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. यात पदवीची अट नाही. एम.एस्सी. झालेल्या बाईंना हे अपमानास्पद वाटतं, पण मला हा नियम पटतो. सहा वर्षांच्या मुलाला 'हातचा एक' म्हणजे काय हे समजावणं ही वेगळी विद्या आहे. ती गणिताच्या पदवीतून आपोआप येत नाही.

मधली काही वर्षं बी.एड.वाल्यांनाही हे दार उघडं होतं. 28 जून 2018 च्या अधिसूचनेनं, नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायच्या अटीवर, त्यांना प्राथमिकसाठी पात्र ठरवलं. 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते दार बंद केलं. त्याआधी नेमलेल्यांना पुढे संरक्षण मिळालं, नव्यांना नाही. आखातातल्या भारतीय शाळा मात्र प्राथमिकच्या जाहिरातींतही सर्रास बी.एड. मागतात. म्हणजे ज्या बी.एड.वर इथं वर्ग मिळू शकतो, त्याच बी.एड.वर उद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग मिळणार नाही. आखातातला मुक्काम कधी संपेल सांगता येत नाही, म्हणून कुठला अभ्यासक्रम करायचा हे परत गेल्यावर कुठं शिकवायचं आहे ते पाहून ठरवा.

पदवीला 50 टक्क्यांपेक्षा कमी गुण असतील तर बी.एड. संपलं, असं अनेक जणी धरून चालतात. तसं नाही. परिषदेचा नियम पदवी किंवा पदव्युत्तर पदवी, यांपैकी कुठंही 50 टक्के असले तरी मान्य करतो. पदवीला 47 टक्के असलेली मुलगी दूरशिक्षणानं एम.ए. करून 50 च्या वर गेली, तर तिला बी.एड.चा अर्ज करता येतो. राखीव प्रवर्गांना सवलत आहेच. इंजिनिअरांसाठी अट वेगळी, 55 टक्क्यांची.

पण खुद्द बी.एड. घरबसल्या होत नाही. इग्नूचं दूरशिक्षणाचं बी.एड. आहे, ते आधीच प्रशिक्षित असलेल्यांसाठी: प्राथमिकचे प्रशिक्षित सेवेतले शिक्षक किंवा परिषदेनं मान्य केलेला नियमित शिक्षक-अभ्यासक्रम पूर्ण केलेले. कोरी पदवी घेऊन तिथं प्रवेश मिळत नाही. नियमित बी.एड.मध्ये वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात. 'सहा महिन्यांत ऑनलाइन टीचर ट्रेनिंग' म्हणणाऱ्या जाहिरातींत नेमके हेच वीस आठवडे नसतात. माँटेसरी किंवा नर्सरीच्या डिप्लोम्याचा बालवाडीत उपयोग होईल, त्याला डी.एल.एड. समजून पैसे भरू नका.

ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांचा रस्ता निराळा. इंग्लंडच्या सरकारनं परदेशातल्या उमेदवारांसाठी आयक्यूटीएस ही पात्रता 2022 मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. तिच्यासाठी पदवीबरोबर इंग्रजी आणि गणितात तिथल्या जीसीएसई या शालेय परीक्षेच्या तोडीची पातळी दाखवावी लागते, म्हणजे आपली दहावीची गुणपत्रिका पुन्हा बाहेर निघते. शुल्क मोठं असतं.

महाराष्ट्रानं प्रशिक्षण नसलेल्यांना एकदा वर्गात घेऊन मग घडवलं आहे. वस्तीशाळांचे निमशिक्षक आधी तुटपुंज्या मानधनावर शिकवत राहिले, सेवेत असतानाच त्यांनी डी.एड. केलं आणि पुढे जिल्हा परिषदेत कायम झाले. अशी सोय आज तुबलीतल्या पदवीधर बाईंसाठी नाही. पण शाळेत सहायक म्हणून काम मिळत असेल तर ते घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्गातला अनुभव मिळतो, आणि हे काम आपल्याला खरंच झेपतं का हेही कळतं. तेही काम रीतसर कामाच्या परवान्यावरच करा.

फी भरण्याआधी संस्थेची मान्यता परिषदेच्या संकेतस्थळावर पाहा, आणि ज्या शाळेत जायचं आहे तिला कोणती पात्रता चालते ते लेखी विचारा. त्याहीआधी कपाटातून बारावीची गुणपत्रिका काढा. डी.एल.एड.चं दार तिच्यावरच्या टक्क्यांवर उघडतं, पदवीवर नाही.