बाराचे ठोके पडण्याआधी

म्युनिकमध्ये सकाळी दहाला कुणी बिअर मागवली, तर भुवया उंचावत नाहीत. समोर वाइसवुर्स्ट असलं म्हणजे झालं. वासराचं मांस, डुकराची चरबी, पार्स्ली, लिंबाची साल आणि बऱ्याचदा चक्क वेलदोडा घातलेलं हे पांढरं सॉसेज. ते उकळत नाहीत, गरम पाण्यात नुसतं मुरू देतात; नाहीतर फुटतं. वरचं आवरण काढूनच खायचं. सोबत गोडसर मस्टर्ड, प्रेट्झेल आणि अर्धा लिटर वाइसबिअर.

या बिअरमधला किमान निम्मा माल्ट गव्हाचा असतो. यीस्टमुळे तिला केळ्याचा, लवंगेचा वास येतो आणि कडवटपणा बेताचाच असल्यानं सौम्य सॉसेजची चव दबत नाही. इथे कडूजहर आयपीए बिअर घेऊन बसणं म्हणजे वरणभातात वाटीभर ठेचा कालवणं!

फ्रीज नव्हते तेव्हा हे सॉसेज टिकत नसे, म्हणून दुपारी बाराच्या आत संपवायची रीत पडली. जुने म्युनिककर ती अजून पाळतात.

सॉसेज आणि बिअरच्या जोडीचं हे गणित गोव्याच्या चोरीस-पावात, म्हणजे तिथल्या सॉसेज-पावात, उलटं. व्हिनेगर, लसूण आणि लाल मिरचीचा तो झणका शमवायला थंडगार, हलकी लागरच हवी.