बाटलीभर दूध आणि एक लिफाफा : युद्धोत्तर ब्रिटनमधल्या शाळेच्या आठवणी



आजचा आपला विषय वरवर पाहता अगदी साधा आहे. दुसरं महायुद्ध १९४५ साली संपलं. त्यानंतरच्या आठ-दहा वर्षांत ब्रिटनमध्ये जी मुलं पहिल्यांदा शाळेत गेली, ती आज ऐंशीच्या आसपास आहेत. या पिढीने शाळेच्या आठवणी भरपूर सांगून ठेवल्या आहेत. कोणी आत्मचरित्र लिहिलं, कोणी संशोधकांसमोर ध्वनिमुद्रण केलं, कोणी नातवंडांसाठी वहीत लिहून ठेवलं. या आठवणी आपण एकापाठोपाठ एक वाचत गेलो, की एक गोष्ट पटकन लक्षात येते. माणसं वेगळी, गावं वेगळी, पण वस्तू त्याच. दुधाची छोटी बाटली, बाकात बसवलेली शाईची दौत, वर्गातली कोळशाची शेगडी, मैदानापलीकडचे थंडगार संडास, आणि अकराव्या वर्षी घरी आलेला एक लिफाफा.

आता प्रश्न असा, की या वस्तू सगळ्यांच्या आठवणीत त्याच का? योगायोग म्हणावा, तर इतका मोठा योगायोग होत नसतो. यांतल्या बहुतेक वस्तूंमागे कुठला तरी सरकारी निर्णय किंवा त्या काळातली टंचाई उभी आहे. पाच वर्षांच्या मुलाला कायदा कळत नाही. पण कायद्यामुळे हातात काय आलं आणि हातातून काय गेलं, हे त्याला चांगलं कळतं. म्हणून आज आपण या आठवणींकडे नुसतं ‘गेले ते दिवस’ म्हणून पाहायचं नाही. त्या काळातल्या राज्यव्यवस्थेने मुलांना काय सांगितलं, हे त्यांतून वाचायचा प्रयत्न करू.

वर्ग कसा होता

युद्ध चालू असतानाच, १९४४ साली, इंग्लंड आणि वेल्ससाठी नवा शिक्षण कायदा झाला. रॅब बटलर तेव्हा शिक्षण खातं सांभाळत होते, म्हणून त्याला बटलर कायदा म्हणतात. माध्यमिक शिक्षण सगळ्यांना मोफत मिळेल, असं त्याने ठरवलं. स्कॉटलंडची शिक्षणव्यवस्था आधीपासून वेगळी, त्यामुळे तिथला कायदाही वेगळा. शाळा सोडण्याचं किमान वय १४ होतं, ते १ एप्रिल १९४७ पासून १५ झालं. म्हणजे एका वर्षाची जास्तीची मुलं शाळेत थांबली. त्यांना बसवायचं कुठे आणि शिकवायचं कोणी?

बॉम्बहल्ल्यांत कितीतरी शाळा पडल्या होत्या. उभ्या होत्या त्यांतल्या पुष्कळशा व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या. खिडक्या इतक्या उंचावर, की मुलांना बाहेरचं काही दिसू नये. मग सरकारने शाळांच्या आवारात काँक्रीटचे तयार भाग जोडून बैठ्या खोल्या उभ्या केल्या. तात्पुरत्या म्हणून बांधलेल्या या खोल्या पुढे कित्येक वर्षं वापरात राहिल्या. शिक्षक कमी पडत होते, तेव्हा सैन्यातून आणि युद्धकाळातल्या कामांतून सुटलेल्या स्त्री-पुरुषांना साधारण वर्षभराचं प्रशिक्षण देऊन वर्गावर पाठवलं. १९५१ पर्यंत असे सुमारे ३५,००० शिक्षक तयार झाले. ‘आमचे मास्तर सैन्यातून आले होते’ हे वाक्य आपल्याला इतक्या आठवणींत भेटतं, त्याचं कारण हे.

आणि तरीही एका वर्गात चाळीस-चाळीस मुलं! एवढी मुलं एकटीने सांभाळायची, म्हणजे बाईंना शिस्त लावावी लागे, आणि ती कडक असे. पाढे एका सुरात म्हणायचे. टाक दौतीत बुडवून लिहायचं. शाई सांडली की ओरडा. डावखुऱ्या मुलांना अनेक ठिकाणी उजव्या हाताने लिहायला भाग पाडत. वेताची छडी होती, स्कॉटलंडमध्ये चामड्याचा पट्टा होता. सरकारी शाळांतली मारहाण कायद्याने बंद व्हायला १९८७ साल उजाडावं लागलं.

गणितही सोपं नव्हतं. १२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पाउंड. म्हणजे पाउंडात २४० पेन्स. १९७१ मध्ये दशमान नाणी येईपर्यंत मुलं याच हिशेबात बेरजा-वजाबाक्या करत होती. आपल्याकडच्या ज्या आजी-आजोबांनी रुपये-आणे-पैंची उदाहरणं सोडवली आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

दूध

आता दुधाकडे येऊ. शाळेत दूध द्यायची पद्धत युद्धाच्या आधीची. १९३४ पासून अर्ध्या पेनीला एक छोटी बाटली मिळे, आणि अगदी गरीब मुलांना ती फुकट. ऑगस्ट १९४६ पासून एक महत्त्वाचा बदल झाला. दूध सगळ्यांनाच फुकट झालं. एलन विल्किन्सन तेव्हा शिक्षणमंत्री होत्या. त्या मँचेस्टरच्या कष्टकरी घरातल्या आणि शिष्यवृत्त्यांवर शिकलेल्या. प्रत्येक मुलाला रोज पाइंटचा तिसरा भाग, म्हणजे साधारण १९० मिलिलिटर दूध मिळू लागलं.

बाटलीला बऱ्याच ठिकाणी पुठ्ठ्याचं झाकण असे. त्याच्या मधोमध भोक पाडून नळी घालायची. झाकणं धुऊन ठेवायची आणि त्यांच्यावर लोकर गुंडाळून गोंडे करायचे. दूध वाटायचं काम रोज ठरावीक मुलांकडे असे, आणि तो मोठाच मान! १९४७ चा हिवाळा भयंकर होता. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत बर्फ हटेना. कोळसा मिळेना, वीज जायची. दूध बाटलीतच गोठायचं आणि झाकण वर ढकलून बाहेर डोकावायचं. मग बाई क्रेट शेगडीजवळ ठेवायच्या, आणि मुलांच्या वाट्याला यायचं कोमट, वास येणारं दूध. ते अनेकांना मुळीच आवडत नसे.

मग एवढ्या बाटलीभर दुधात विशेष काय? विशेष हे, की ते मिळवण्यासाठी कोणाला काही सिद्ध करावं लागत नव्हतं. जेवणाचं तसं नव्हतं. शाळेतल्या जेवणाला थोडे पैसे पडत, गरिबांना ते माफ असत, आणि माफी कोणाला आहे हे पुष्कळदा सगळ्या वर्गाला कळत असे. दुधाच्या बाबतीत असा भेद उरला नाही. डॉक्टरचा मुलगा आणि खाणकामगाराची मुलगी एकाच क्रेटमधून बाटली उचलत होती.

कॅरोलिन स्टीडमन या इतिहासकार १९४७ साली जन्मल्या आणि दक्षिण लंडनमध्ये वाढल्या. आपल्या बालपणाबद्दल लिहिताना त्यांनी या दुधाचा, संत्र्याच्या रसाचा आणि शाळेच्या जेवणाचा उल्लेख केला आहे. आपल्यालाही जगण्याचा हक्क आहे, आपली काही किंमत आहे, हे या गोष्टींनी आपल्याला न बोलता सांगितलं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. घरातून जे कळलं नाही, ते सरकारी बाटलीने सांगितलं. हे लक्षात ठेवू या, कारण पुढे आपल्याला ते लागणार आहे.

टंचाई आणि खेळ

रेशनिंग युद्धाबरोबर संपलं नाही. उलट युद्धात कधी नव्हतं, ते पावाचं रेशनिंग १९४६ ते १९४८ या काळात होतं. मिठाई-चॉकलेटवरचं बंधन एप्रिल १९४९ मध्ये उठवलं, पण मागणी इतकी उसळली, की ऑगस्टमध्ये पुन्हा लावावं लागलं. ते कायमचं उठलं ५ फेब्रुवारी १९५३ रोजी. शेवटचं मांसावरचं रेशनिंग जुलै १९५४ मध्ये गेलं. म्हणजे १९४४ साली जन्मलेलं मूल नऊ वर्षांचं होईपर्यंत, मधले काही महिने सोडले तर, दुकानात जाऊन हवी तेवढी चॉकलेटं घेऊ शकत नव्हतं.

इथे कोणी विचारेल, सत्तर वर्षांपूर्वीच्या आठवणींवर विश्वास किती ठेवायचा? रास्त प्रश्न आहे. त्याला एक चांगली कसोटी उपलब्ध आहे. आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने १९५० च्या दशकात सुमारे ७० शाळांतल्या ५,००० मुलांकडून खेळ, बडबडगीतं आणि मैदानावरचे शब्द गोळा केले, आणि १९५९ साली त्यावर ग्रंथ काढला. पळापळीत दम लागला की आपल्याकडची मुलं ‘टाइम प्लीज’ म्हणतात ना? तिकडेही मुलं बोटांवर बोटं चढवून असाच शब्द उच्चारत. पण तो प्रांताप्रांतात वेगळा : कुठे ‘बार्ली’, कुठे ‘फेनाइट्स’, कुठे ‘किंग्ज’, कुठे ‘क्री’. आज एखादे आजोबा आपल्या गावचा शब्द सांगतात, तेव्हा तो ओपींच्या नोंदीशी ताडून पाहता येतो. शब्द, चवी, वास अशा गोष्टी स्मृती बऱ्यापैकी जपते. तारखा आणि कारणं मात्र तिच्याकडून घेऊ नयेत. ती कागदपत्रांतून घ्यावीत.

लिफाफा

आता त्या लिफाफ्याकडे वळू. माध्यमिक शिक्षण सगळ्यांना मोफत झालं खरं, पण सगळ्यांना एकाच शाळेत नव्हे. इंग्लंड-वेल्समध्ये प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षी मुलं ‘इलेव्हन प्लस’ नावाची परीक्षा देत. साधारणपणे गणित, इंग्रजी आणि बुद्धिमापनाचे प्रश्न असत. पुढे जाणारी मुलं ग्रामर स्कूलमध्ये, तिथून विद्यापीठाची वाट. बहुसंख्य मुलं सेकंडरी मॉडर्न शाळेत, आणि त्यांतली बरीचशी पंधराव्या वर्षी कुठलंही प्रमाणपत्र न घेता कामाला. तांत्रिक शाळा हा तिसरा प्रकार, पण तो फारसा वाढलाच नाही.

सरकारचं म्हणणं होतं, की या शाळा वेगळ्या आहेत, वरच्या-खालच्या नाहीत. इथे पास-नापास असं काही नाही. पण घरोघरी शब्द तोच वापरला जाई : ‘पास’ आणि ‘नापास’. पास झाल्यास सायकल घेऊन देऊ, असं आईवडील कबूल करत. निकालाचा लिफाफा आला, की एकाच गल्लीतल्या दोन मित्रांचे गणवेश वेगळे, बस वेगळी, पुढे भाषेची धाटणीसुद्धा वेगळी. कित्येक घरांत भावंडांचीही अशीच फारकत झाली.

यात बुद्धीचा भाग किती होता? जागा मुळात भागाभागाने कमी-जास्त होत्या. कुठे दहांतल्या एकालाच ग्रामर स्कूल मिळे, कुठे चौघांना. मुलींसाठीच्या जागा कमी असतील, तिथे प्रवेशासाठी मुलींना मुलांपेक्षा जास्त गुण लागत. याबाबत एक भक्कम पुरावाही आहे. जेम्स डग्लस या संशोधकाने मार्च १९४६ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या ५,३६२ बाळांचा मागोवा घ्यायला सुरुवात केली, आणि तो अभ्यास त्या मुलांच्या म्हातारपणापर्यंत चालू राहिला. ही मुलं अकरा वर्षांची झाली, तेव्हा दिसलं, की काठावरच्या मुलांमध्ये चाचणीतली क्षमता सारखी असूनही कामगार घरातल्या मुलांना ग्रामर स्कूलच्या जागा कमी मिळतात. डग्लस यांचं त्यावरचं पुस्तक १९६४ साली आलं. १९६५ मध्ये सरकारने सगळ्या मुलांसाठी एकत्र शाळांची योजना आखा, असं स्थानिक अधिकाऱ्यांना सांगितलं.

आठवणी कोणाच्या?

इथे आपल्याला थोडं सावध व्हायला हवं. छापलेल्या आठवणी लिहिल्या कोणी? बहुतांशी ग्रामर स्कूलमध्ये गेलेल्यांनी. ब्रायन जॅक्सन आणि डेनिस मार्सडेन यांचं १९६२ सालचं पुस्तक घ्या. हडर्सफील्डमधल्या कामगार घरांतल्या ८८ मुलामुलींचा तो अभ्यास. फार चांगलं पुस्तक आहे, पण तीसुद्धा ग्रामर स्कूलमधून यशस्वी होऊन बाहेर पडलेली मुलं. त्यांचं दुखणं खरं होतं : शिकलो, पण घरापासून तुटलो. मात्र दुसऱ्या वाटेला लागलेल्या बहुसंख्य मुलांनी त्या काळी पुस्तकं लिहिली नाहीत. मौखिक इतिहासाच्या ध्वनिमुद्रणांतून त्यांचं बोलणं पुष्कळ उशिरा पुढे आलं. आयुष्य चांगलं गेलेलं असतं, धंदा, संसार सगळं नीट झालेलं असतं, आणि तरी सत्तरीतला माणूस सांगतो, ‘मी अकराव्या वर्षी नापास झालो.’ सरकारी कागदावर नसलेला तो शब्द साठ वर्षं मनात राहिला.

म्हणजे बघा, एकाच राज्याने एकाच मुलाला दोन गोष्टी सांगितल्या. पाचव्या वर्षी सांगितलं, ‘तू आमच्यासाठी सगळ्यांइतकाच महत्त्वाचा आहेस.’ अकराव्या वर्षी सांगितलं, ‘तुझी जागा तिकडे.’ दोन्ही गोष्टी सद्हेतूने सांगितल्या होत्या, आणि दोन्ही मुलांना नीट ऐकू गेल्या.

पुढे १९६८ मध्ये माध्यमिक शाळांतलं मोफत दूध बंद झालं. १९७१ मध्ये सात वर्षांवरच्या मुलांचंही बंद झालं. तेव्हा शिक्षणमंत्री होत्या मार्गारेट थॅचर. ‘दूध हिसकावणारी’ हे नाव त्यांना जन्मभर चिकटलं. बाटलीभर दुधावरून एवढा राग का, असं पुष्कळांना वाटतं. ज्यांना ते कोमट दूध नकोसं व्हायचं, त्यांनाही राग आला असेल, तर त्याचं कारण दुधाच्या चवीत शोधून सापडणार नाही. ते दूध काय सांगत होतं, त्यात ते सापडेल.

तेव्हा अशा आठवणी वाचताना आपण तीन प्रश्न जवळ ठेवू या. या वस्तूमागे कोणता निर्णय होता? सांगणारा माणूस लिफाफ्याच्या कोणत्या बाजूचा? आणि त्याच बाकावर बसलेल्या दुसऱ्या मुलाने काय सांगितलं असतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकांत कमी मिळेल. त्यासाठी माणसांकडे जाऊन ऐकावं लागेल, आणि ती पिढी आज ऐंशीच्या आसपास आहे.

आता आपण प्रश्नांकडे वळू.