पाणी शुद्ध की अशुद्ध, हे मोजून ठरते

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. हा इतिहास आपल्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. त्यानंतर काय घडले, तेही आठवून पाहू. सनातन्यांनी तळे बाटले असे ठरवले आणि मंत्र म्हणत, पंचगव्य ओतून ते 'शुद्ध' करून घेतले. माणसाच्या स्पर्शाने पाणी अशुद्ध झाले आणि शेण-गोमूत्राने शुद्ध! पाण्यात प्रत्यक्ष काय आहे, हे कोणी पाहिलेच नाही.

पाणी कोणी शिवले यावर त्याची शुद्धता ठरत नाही. त्यात काय मिसळले आहे यावर ठरते, आणि ते मोजावे लागते. 'एहिपस्सिको', म्हणजे या आणि स्वतः पाहा, ही तथागतांच्या धम्माची ओळख. पाण्यालाही हीच कसोटी लावायची. त्याच महाडजवळ आज रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे आणि जवळून सावित्री नदी वाहते. अशा ठिकाणच्या पाण्यावर रात्रंदिवस नजर ठेवणारी स्वयंचलित यंत्रे आता आली आहेत. ती काय सांगतात, काय सांगू शकत नाहीत आणि आपल्या वस्तीला त्यातून काय शिकता येईल, ते या वेळी पाहू.

एक बाटली, एक क्षण

नदीच्या पाण्याची तपासणी नवी नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून काम करते. १९७४ मध्ये देशाचा जलप्रदूषण कायदा झाला आणि केंद्रीय मंडळ स्थापन झाले. कर्मचारी ठरलेल्या जागी जातो, बाटली भरतो आणि प्रयोगशाळेत पाठवतो. नदीचे पाणी महिन्यातून किंवा तीन महिन्यांतून एकदा तपासले जाते, भूजल सहा महिन्यांतून एकदा. निकाल खरा असतो, पण तो त्या एका क्षणाचा असतो.

रखवालदार महिन्यातून एकच तास जागा राहिला, तर चोर उरलेल्या तासांत येणारच. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनी नदीत टँकरमधून रसायन ओतले गेले. त्यातून उठलेल्या वायूने काठच्या वस्त्यांतील शेकडो लोकांना रुग्णालयात जावे लागले. दुसऱ्या आठवड्यात भरलेल्या बाटलीत त्या रात्रीचा पुरावा सापडला नसता.

यंत्र पाणी कसे पाहते

स्वयंचलित यंत्रात पाण्यात बुडवलेले अनेक सेन्सर असतात. एक सामू म्हणजे पीएच मोजतो. सात आकडा समतोल, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. इथे एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक. दुसरा सेन्सर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते पाहतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. तिसरा पाण्यात प्रकाश सोडतो. गढूळ कणांवर आदळून प्रकाश जितका विखुरतो, तितका गढूळपणा जास्त. चौथा पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजतो. मासे जगायला तो लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम लागतो.

सांडपाण्यातील घाण किती प्राणवायू खाते, याला बीओडी म्हणतात. प्रयोगशाळेत ही तपासणी २७ अंश तापमानाला तीन दिवस चालते. यंत्र तेच काम अतिनील प्रकाशाच्या मदतीने काही मिनिटांत करते. तो अंदाज असतो, म्हणून अधूनमधून प्रयोगशाळेच्या निकालाशी ताडून पाहावा लागतो.

फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय मंडळाने जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना आणि सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना अशी यंत्रे बसवण्याचा आदेश दिला. साखर, कागद, कातडी, औषधे, रंग, खते यांचे कारखाने त्यात येतात. दर पंधरा मिनिटांचा आकडा थेट मंडळाच्या संगणकावर पोचावा, अशी ही व्यवस्था आहे. अशी वर्षानुवर्षांची नोंद साठली की पावसाळ्यात काय होते, सुटीच्या दिवशी काय होते, रात्री किती वाजता आकडा उडी मारतो, हे सारे उघड होते.

यंत्र कुठे फसते

यंत्र बसवले म्हणजे काम संपले नाही. सेन्सरवर शेवाळ आणि चिकट थर चढतो. मग पाणी चांगले असूनही आकडा वाईट येतो, किंवा उलटे होते. म्हणून तो पुसावा लागतो आणि ठाऊक असलेल्या द्रावणात बुडवून वेळोवेळी जुळवून घ्यावा लागतो. कोणी सेन्सर स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवला, तर आकडा स्वच्छच येणार. यंत्राला लबाडी कळत नाही, ती माणसानेच ओळखावी लागते.

ओळखायची एक खूण आहे. वाहत्या नदीचा आकडा सतत हलतो. उन्हात शेवाळ प्राणवायू सोडते, म्हणून दुपारी तो वाढतो आणि पहाटेच्या सुमारास सर्वांत कमी होतो. दिवसरात्र आकडा एकाच जागी खिळला असेल, तर सेन्सर बिघडला आहे किंवा कोणीतरी फसवते आहे. आपल्या वस्तीजवळच्या कारखान्याच्या किंवा प्रक्रिया केंद्राच्या महिनाभराच्या नोंदी माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने मागता येतात. 'पाणी चांगले आहे का?' असे विचारण्यापेक्षा 'अमुक तारखांच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदी द्या' असे लिहावे. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळते.

यंत्राला जंतू दिसत नाहीत

या सेन्सरांना कावीळ, विषमज्वर, कॉलरा यांचे जंतू दिसत नाहीत. जंतूंच्या नेहमीच्या तपासणीला जवळपास एक दिवस लागतो. हे लक्षात ठेवले की दारावर येणाऱ्या फिल्टर विक्रेत्यांची फसवणूकही कळते. विक्रेता टीडीएसचे पेन बुडवून मोठा आकडा दाखवतो आणि घाबरवतो. ते पेन फक्त क्षार मोजते. पिण्याच्या पाण्यासाठी ५०० पर्यंतचे टीडीएस योग्य मानले जाते आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालते. १५० टीडीएसच्या पाण्यात गटार मिसळलेले असू शकते आणि ६०० चे पाणी जंतूंपासून मुक्त असू शकते. काही जण पाण्यात तारा घालून वीज सोडतात आणि पाणी तपकिरी झालेले दाखवतात. तो रंग बहुतांशी त्यांच्याच लोखंडी सळईचा गंज असतो.

आपल्या वस्तीत धोका वेगळाच आहे. पाणी ठरावीक वेळच येते. ते बंद असताना पाइपातला दाब जातो आणि गटारातून गेलेल्या फुटक्या पाइपात घाण शिरते. म्हणून नळ आल्यावर पहिली काही मिनिटे आलेले पाणी पिण्यासाठी भरू नये, धुण्यासाठी वापरावे.

वस्तीची वही

महागडे यंत्र आपल्याकडे नाही, पण रोज नोंद ठेवण्याची त्याची रीत आपल्याला घेता येते. विहारात एक वही ठेवा. महिला मंडळाने किंवा तरुणांनी रोज दोन ओळी लिहाव्यात: पाणी किती वाजता आले, रंग आणि वास कसा, कोणत्या गल्लीत जुलाबाचे किंवा काविळीचे रुग्ण आहेत. आरोग्य कर्मचाऱ्यांकडे ओटी टेस्टचे किट असते. नळाच्या पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. शेवटच्या घरातही ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवे. रंग आलाच नाही तर तारखेसह नोंद करा. तपासलेले पाणी पिऊ नका, फेकून द्या.

शंका असेल त्या दिवशी पाणी खळखळून उकळी येऊन किमान एक मिनिट उकळू द्या, किंवा पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात क्लोरीनचे औषध टाकून अर्धा तास थांबा. उकळल्याने जंतू मरतात, रसायने जात नाहीत. रसायनाचा वास आला तर ते पाणी उकळूनही पिऊ नये. जुलाब सुरू झाले तर लगेच ओआरएस द्या आणि दवाखान्यात न्या.

एका दिवसाची तक्रार अधिकारी सहज झटकू शकतो. तारखा, वेळा आणि रुग्ण लिहिलेली तीन महिन्यांची वही त्याच्या टेबलावर ठेवली, तर उत्तर देणे त्याला भाग पडते. महाडला आपल्या माणसांनी पाण्यावरचा हक्क मिळवण्यासाठी मार खाल्ला. ते पाणी पिण्यालायक आहे की नाही, हे रोज पाहणे आता आपल्या हातात आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर वहीचे पहिले पान लिहूया.

जयभीम! नमो बुद्धाय!