ऐंशी पौंडांची खाण

1836 मध्ये स्थापन झालेली दक्षिण ऑस्ट्रेलियाची ब्रिटिश वसाहत अवघ्या पाच वर्षांत दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली. जमिनी विकायच्या आणि त्या पैशातून विलायतेहून मजूर आणायचे, असा तिचा आराखडा होता. परंतु गव्हर्नर गॉलर यांनी लंडनवर काढलेल्या हुंड्या नाकारल्या गेल्या आणि 1841 मध्ये त्यांच्या जागी ग्रे यांची नेमणूक झाली. अशा वेळी वसाहतीला सावरण्यास मोठा हातभार लावला तो ॲडलेडच्या उत्तरेस सुमारे 80 किलोमीटरवरील कपुंडा येथील तांब्याच्या एका लहानशा खाणीने.

1842 मध्ये चुकलेल्या मेंढ्यांचा शोध घेताना फ्रान्सिस डटन यांना तेथे हिरवे दगड आढळले. कॅप्टन चार्ल्स बॅगट यांच्या मुलालाही रानफुले वेचताना जवळच तसेच दगड सापडले. दोघांनी ही गोष्ट गुप्त ठेवली, जमीन रीतसर विक्रीस निघेपर्यंत धीर धरला आणि 80 एकरांचा तुकडा एकरी एक पौंड दराने विकत घेतला. जमिनीबरोबर तिच्या पोटातील खनिजही त्यांचे झाले.

1844 मध्ये खाणकाम सुरू झाले. बैलगाड्यांतून बंदरावर गेलेले खनिज वेल्समधील स्वॉन्सीच्या भट्ट्यांपर्यंत पोहोचू लागले. कॉर्नवॉलचे कसबी खाणकामगार आले, गाव वसले. 1851 मध्ये शेजारच्या व्हिक्टोरियात सोने सापडताच त्यांतील अनेकांनी तिकडे धाव घेतली. 1860 मध्ये रेल्वे आली खरी. पण 1870 च्या दशकाच्या अखेरीस खाण बंद पडली.

उद्यमशीलतेची कथा म्हणून हा इतिहास अभिमानाने सांगितला जातो, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु ही भूमी नगाजुरी या मूळ रहिवाशांची होती. त्यांच्या प्रत्यक्ष वहिवाटीतील जमिनीवरील हक्कांना बाध येऊ नये, अशी तरतूद वसाहत स्थापन करणाऱ्या 1836 च्या राजाज्ञेतच होती. म्हणजे कायद्याला ही माणसे ठाऊक नव्हती, असे म्हणण्याची सोय नाही. ते 80 पौंड सरकारी खजिन्यात जमा झाले. ज्यांची जमीन, त्यांना कोणी विचारलेही नाही.

ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने 1992 च्या माबो खटल्यात हा देश वसाहतीपूर्वी निःस्वामिक होता, ही समजूत फेटाळली. मात्र एकदा पूर्ण खासगी मालकीत गेलेल्या जमिनीवर तेथील कायद्यानुसार मूळ रहिवाशांचा परंपरागत हक्क उरत नाही. कपुंडाचे ते 80 एकर असेच विकले गेले होते. तत्त्व मान्य व्हावे आणि नेमक्या मोलाच्या जमिनी त्यातून सुटाव्यात, याला न्याय कसे म्हणायचे?

खाणीत उरलेले तांबे जमिनीतच द्रावणात विरघळवून वर काढण्याची योजना अलीकडे पुढे आली आहे. खनिजाचा भाव ठरवण्यापूर्वी भूमीचा जुना हिशेब उघडण्याची ही संधी आहे. 1842 मध्ये तो उघडलाच गेला नव्हता.