नोझल बदलण्याआधी मल्टिमीटर लावा

लेखमाला : यंत्राची ओळख – भाग ७

मागच्या भागात बॅटरी, अर्थिंग आणि फ्यूज मल्टिमीटरने कसे तपासायचे ते आपण पाहिलं. आज त्याच मीटरने डिझेल इंजिनाचा इंजेक्टर तपासायचा आहे. हा भाग चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, आणि त्याला कारण आहे. सिरोंचा गडचिरोलीपासून सुमारे २०० किलोमीटर लांब. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो. अशा ठिकाणी पिकअप मिसिंग मारायला लागली, तर ती टोचन करून चंद्रपूर-नागपूरला न्यायची की जागेवरच दुरुस्त होईल, हे आधी कळलं पाहिजे. ते सांगणारं यंत्र चारपाचशे रुपयांत मिळतं.

गॅरेजमध्ये सहसा काय होतं ते पाहा. मिस्त्री स्कॅनर लावतो, पडद्यावर ‘पी ०२०३’ असा कोड येतो, आणि निदान ठरतं : तीन नंबरचं नोझल गेलं जी, नवीन टाका. पण कोड तसं म्हणतच नाही. पी ०२०१ ते पी ०२०४ हे कोड पहिल्या ते चौथ्या सिलिंडरच्या इंजेक्टरच्या सर्किटमध्ये बिघाड आहे एवढंच सांगतात. सर्किटमध्ये इंजेक्टरची कॉइल येते, तसा कनेक्टर येतो, इंजिनावरून गेलेली वायर येते आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणकही येतो. या चौघांतला दोषी कोण, हे मीटर लावल्याशिवाय कळत नाही. वायर तुटलेली असताना इंजेक्टर बदलला तर हजारो रुपये जातात आणि कोड तिथल्या तिथेच राहतो.

आधी इंजेक्टर कोणता ते ओळखा

डिझेल इंजेक्टर दोन जातींचे. जुना, यांत्रिक इंजेक्टर डिझेलच्या दाबानेच उघडतो. पंपाकडून आलेला दाब साधारण २०० बारच्या आसपास पोचला की स्प्रिंग दबते, सुई उचलते आणि फवारा उडतो. त्याला वायरच नसते, त्यामुळे मल्टिमीटरचं तिथे काही काम नाही. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे धानाच्या बांधीत चिखलणी करणारे बहुतेक ट्रॅक्टर अजून याच जातीचे आहेत. त्यांचा इंजेक्टर काढून हातपंपाच्या टेस्टरवर लावतात; तो किती दाबाला उघडतो, फवारा धुक्यासारखा उडतो की धार पडते, टोकाला थेंब लोंबतो का, हे पाहतात.

दुसरी जात कॉमन रेलची. इथे पंप सगळं डिझेल एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाबून ठेवतो. हा दाब १६०० बार आणि त्याहून वर जातो. इंजेक्टर कधी आणि किती वेळ उघडायचा हे ईसीयू ठरवतो आणि त्याला विजेने हुकूम देतो. इंजेक्टरच्या डोक्यावर दोन पिनांचा कनेक्टर दिसला की समजा, मीटरचं काम आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे धुराचं मानक लागू झालं. त्यानंतरच्या नव्या डिझेल पिकअप, जीप, ट्रक यांत हीच पद्धत आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांनाही कडक निकष लागले, आणि त्यांच्यातही कॉमन रेल आली. म्हणजे ज्या गावात आज मीटरची गरज वाटत नाही, तिथेही ती येणारच आहे.

जुनी सवय इथे चालणार नाही

यांत्रिक इंजिनात कोणता सिलिंडर काम करत नाही हे शोधायला मिस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका नळीचा नट ढिला करतात. आवाज बदलला तर सिलिंडर चांगला, बदलला नाही तर दोष तिथेच. कॉमन रेलवर हे कधीही करू नका. हजार बारांहून अधिक दाबाची डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. वरून जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही. पण आत डिझेल पसरत जातं आणि काही तासांत हात किंवा बोट गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर मलमपट्टीत वेळ न घालवता जिथे शस्त्रक्रिया होऊ शकते अशा रुग्णालयात तातडीने जायचं आणि ‘जास्त दाबाचं डिझेल आत गेलंय’ असं डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं.

आपली आजची चाचणी इंजिन बंद ठेवूनच होते. चावी काढा, थोडा वेळ जाऊ द्या, मग कनेक्टर काढा. इंजिन चालू असताना कनेक्टर उपसायचा नाही : ईसीयू इंजेक्टर उघडताना ६५ ते ८० व्होल्टचा झटका देतो. अंगाला तो धोक्याचा आहेच, आणि चालू इंजिनावर कनेक्टर ओढल्याने ईसीयूचंही नुकसान होऊ शकतं.

पहिलं माप : कॉइल

मीटर २०० ओहमच्या रेंजवर घ्या. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. शून्य यायला हवं, पण ०.२ किंवा ०.३ दिसेल. ती मीटरच्या स्वतःच्या वायरींची रोधकता. धानाच्या काट्यावर बारदानाचं वजन वजा करतात, तशी ती प्रत्येक मापातून वजा करायची. इथे हा बारकावा फार महत्त्वाचा आहे, कारण कॉमन रेल इंजेक्टरच्या कॉइलची रोधकता बहुधा ०.२ ते ०.६ ओहमच असते. वजाबाकी विसरलात तर चांगला इंजेक्टर खराब ठरेल.

आता इंजेक्टरच्या दोन पिनांना दोन प्रोब लावा. समजा मीटरची स्वतःची ०.३ आहे आणि चार इंजेक्टरांची मापं ०.७, ०.७, ०.८, ०.७ आली. वजाबाकी करून ०.४, ०.४, ०.५, ०.४. चारही ठीक. साध्या मीटरचा शेवटचा आकडा एकाने इकडेतिकडे होतोच, त्यावरून निकाल देऊ नये. पण तिसऱ्यावर मीटर ‘ओएल’ किंवा नुसता १ दाखवत असेल, तर कॉइल तुटली. तिसऱ्यावर ०.३ च आला, म्हणजे वजाबाकीनंतर शून्य, तर कॉइल आतून शॉर्ट झाल्याचा संशय घ्या. बाकी तिघं ०.७ असताना एकटा २ ओहम दाखवत असेल, तर पिना साफ करून पुन्हा मोजा. आकडा तसाच राहिला तर दोष आत आहे. छापील आकड्यापेक्षा चौघांची आपसातली तुलना जास्त खरं सांगते.

चारही मापं एकाच वेळी आणि थंड इंजिनावर घ्या. तांब्याची रोधकता दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढते. सकाळी २५ अंशांवर ०.४० ओहम दाखवणारी कॉइल ८५ अंशांच्या तापलेल्या इंजिनावर ०.५० च्या घरात जाते. चंद्रपूरच्या मे महिन्यात हवाच अनेकदा ४५ अंशांपलीकडे जाते. म्हणून दुपारी खाणीवरून आलेल्या गाडीची आणि पहाटेच्या थंड गाडीची मापं शेजारी ठेवू नका.

दुसरं माप : बॉडी

मीटर मेगाओहमच्या रेंजवर न्या. एक प्रोब इंजेक्टरच्या पिनेला, दुसरा त्याच्या धातूच्या अंगाला. ‘ओएल’ यायला हवं. आकडा आला तर आतलं इन्सुलेशन फाटलं आहे आणि वीज इंजिनात झिरपते आहे. अशा वेळी काही गाड्यांत एकाच्या दोषाने दोन सिलिंडर किंवा सगळं इंजिनच बंद पडतं.

काही गाड्यांत कॉइलऐवजी पिझो इंजेक्टर असतो. तिथे माप ओहममध्ये येत नाही, साधारण १५० ते २०० किलोओहम येतं. २०० ओहमच्या रेंजवर तो ‘ओएल’ दाखवेल आणि तुम्ही त्याला फुकट बाद कराल. म्हणून गाडीत कोणता प्रकार आहे ते आधी विचारून घ्या.

आणखी एक खेळ काही गॅरेजांत चालतो : इंजेक्टरला थेट बॅटरी लावून ‘टक’ असा आवाज येतो का ते बघायचं. हिशेब करा. १२ व्होल्ट भागिले ०.४ ओहम म्हणजे ३० अँपिअर. ईसीयू एवढा मोठा प्रवाह क्षणभरच देतो आणि लगेच खाली आणतो. बॅटरी तो देतच राहते. चांगली कॉइल अशाने जळते. पिझोला तर बॅटरी दाखवायचीसुद्धा नाही.

तिसरं माप : वायर

इंजेक्टर निर्दोष निघाला की वायर बघा, आणि आपल्या भागात दोष इथेच सापडण्याची शक्यता मोठी. घुग्घुस, बल्लारपूरकडे कोळशाची भुकटी कनेक्टरमध्ये बसते. गडचिरोलीच्या पावसात ओल शिरून पिनांवर हिरवट थर चढतो. गोठ्याशेजारी उभ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात.

बॅटरीची निगेटिव्ह काढा, ईसीयूचा कनेक्टर सोडवा, आणि वायरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा. वजाबाकीनंतर जवळपास शून्य यायला हवं. इथे अर्धा ओहमही जास्तच : २० अँपिअर प्रवाहात अर्ध्या ओहमवर १० व्होल्ट खर्च होतात. मोजताना वायर हलवा, वाकवा, हलकेच ओढा. मीटर अगदी थोडा प्रवाह सोडतो, त्यामुळे एका तारेवर लोंबणारी वायरही स्थिर असताना चांगली वाटते. हलवली की आकडा उड्या मारतो. नंतर प्रत्येक वायर बॉडीशी आणि शेजारच्या वायरीशी तपासा. दोन्हीकडे ‘ओएल’ हवं.

मीटरचा जाड प्रोब कनेक्टरच्या मादी पिनेत कोंबू नका. ती पत्री फाकते, पकड ढिली होते, आणि आधी नसलेला बिघाड आपण स्वतः करून ठेवतो. बारीक टाचणी अलगद टेकवा.

मीटर कुठे थांबतो

तिन्ही मापं बरोबर आली म्हणजे इंजेक्टर चांगला असं नाही, त्याची विजेची बाजू चांगली आहे एवढंच. सुई झिजली, भोकं चोंदली, डब्यातून भरलेल्या डिझेलमधल्या पाण्याने आत गंज धरला, यातलं काहीही ओहममध्ये दिसत नाही. चालू इंजिनावरही मीटर उपयोगाचा नाही. आयडलला मिनिटाला ८०० फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडरची पाळी सेकंदाला सहासात वेळा येते आणि एकेक झटका मिलिसेकंदाच्या आसपास असतो. मीटरचा पडदा तेवढ्या वेगाने बदलतच नाही. त्याला ऑसिलोस्कोप लागतो.

म्हणून कामाची वाटणी अशी ठेवा. माप चुकलं तर वायर, कनेक्टर किंवा कॉइल. यातल्या पहिल्या दोन दुरुस्त्या आलापल्लीतही होतात. मापं बरोबर असूनही गाडी मिसिंग मारत असेल, काळा धूर सोडत असेल, तर इंजेक्टर टेस्ट बेंचवर गेला पाहिजे, आणि तेव्हा शहराची फेरी रास्त आहे. नवा इंजेक्टर बसवला तर त्याच्या अंगावर छापलेला कोड ईसीयूत भरून घ्या आणि खालचा तांब्याचा वॉशर नवा टाका.

गाडी ठणठणीत असतानाच एकदा थंड इंजिनावर चारही मापं घेऊन आरसी बुकासोबत कागदावर लिहून ठेवा, मीटरची वजा केलेली रोधकताही लिहा. बिघाडाच्या दिवशी तुलनेला तुमच्याच गाडीचे आकडे हाताशी असतील, आणि ‘नोझल गेलं’ म्हणणाऱ्याला ‘किती ओहम आले?’ असं विचारता येईल.

पुढच्या भागात : चार सारख्या बाटल्या आणि पारदर्शक नळ्या घेऊन इंजेक्टरची रिटर्न गळती कशी मोजायची.